ठाण्यातून लंडन: विमानाचं अंतर आणि वेळ कशी काढायची

भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टी ठेवून मुंबई-लंडन मोजू नका. पृथ्वी गोल असल्याने खरा जवळचा मार्ग सपाट नकाशावर उत्तरेकडे फुगलेला दिसतो.

मुंबई विमानतळ 19.09 उत्तर, 72.87 पूर्व. हीथ्रो 51.47 उत्तर, 0.45 पश्चिम. पश्चिमेचा आकडा उणे धरायचा, म्हणून रेखांशांतला फरक 73.32. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन असे तिन्ही एकमेकांना गुणून त्यात मिळवा. बेरीज 0.425 येते. तिचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹ बटण) 64.86 अंश, दर अंशाला 111.2 किमी, म्हणजे सुमारे 7,210 किमी. उत्तर भलतंच आलं तर कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे, डिग्रीवर आणा. उणे चिन्ह विसरण्याचा फटका न्यूयॉर्कला बसतो: खरे 12,500 किमी सोडून 2,400 निघतात आणि विमान थेट किर्गिझस्तानात उतरतं!

आता वेळ. 7,210 ला ताशी 900 ने भागून आठ तास येतात, पण त्यावर विसंबू नका. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणीची रांग यांचे 40 मिनिटं मिळवा. जाताना वारा समोरून असतो, म्हणून वेग 830 धरा. शिवाय हा जवळचा मार्ग कराचीवरून जातो, आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली तेव्हापासून त्यांना वळसा पडला. अंतरात पाच टक्के वाढवलं की पावणेदहा तासांच्या आसपास हिशेब बसतो. परतीला तोच वारा पाठीशी, तासभर तरी वाचतो.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात, गडबड तिथेच होते. दुपारी 1:05 ला निघून संध्याकाळी 6:15 ला पोहोचणार म्हणजे 5 तास 10 मिनिटं नव्हेत. उन्हाळ्यात त्यात साडेचार तास मिळवा: 9 तास 40 मिनिटं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनची घड्याळं मागे जातात, तेव्हापासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेपाच तासांचा.

मुंबई आणि नवी मुंबई विमानतळांत हवेतलं अंतर जेमतेम 25 किमी, त्यामुळे उड्डाणाच्या वेळेत फरक नगण्य. रस्त्यावर मात्र खूप. घोडबंदरवरून निघणाऱ्याला उलव्याकडे जायचं की अंधेरीकडे, हे तिकिटावरच्या कोडवरून ठरतं: बीओएम म्हणजे मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. कॅबवाल्याला नुसतं ‘एअरपोर्ट’ सांगू नका. परदेशी विमानाचा चेक-इन काउंटर सुटण्याआधी एक ते सव्वा तास बंद होतो, तेव्हा तीन तास आधी पोहोचायचं धरा आणि घोडबंदरच्या गर्दीचा वेळ त्याच्याही आधी मोजा.