पिल्लाला घेऊन पहिल्यांदाच रानात लांब फिरायला निघताय? या चुका टाळा

पावसाळा ओसरला की कर्जत, मुरबाड, पालघरच्या रस्त्यांवर मुंबईच्या गाड्या वाढतात आणि मागच्या सीटवर सहा-सात महिन्यांचं लॅब्राडोर नाहीतर इंडी (आपलं देशी कुत्रं) बसलेलं असतं. जाताना सगळं झकास असतं. गडबड होते ती परतीच्या वाटेवर.

कारण अंतर माणसाच्या हिशेबाने ठरतं. दमलं म्हणून पिल्लू थांबत नाही, तुम्ही चालताय तोवर तेही चालतं. पट्टा ओढत पुढे धावणारं पिल्लू बघून आपण म्हणतो, ‘अजून दम आहे याच्यात’, आणि परतताना तेच बांधावर बसकण मारतं. वीस किलोचं लॅब खांद्यावर घेऊन दोन किलोमीटर कोण चालणार? रोज सोसायटीभोवती अर्धा तास फिरणाऱ्या पिल्लाला पहिल्या खेपेला जाऊन-येऊन तासभर पुरे, तोही हुंगणं-बसणं धरून. मोठ्या जातींच्या हाडांची वाढ दीड वर्षापर्यंत चालू असते, तोवर उंच पायऱ्या आणि उड्या नकोतच. पेब किंवा कोथळीगडावरचा फोटो पुढच्या वर्षी काढा.

दुसरी चूक उशिरा निघण्याची. कुत्रा अंग थंड करतो ते मुख्यतः धापा टाकून, आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत धापांचा उपयोग कमी होतो. ऑक्टोबरात नऊच्या आत गाडीपाशी परत या. धाप थांबत नाही, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसू लागल्या, चाल अडखळली, की तिथेच सावलीत थांबा. अंगावर साधं पाणी ओतत राहा, वारा घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याने उष्णता आतच कोंडते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ४१ च्या वर जिवाशी खेळ. म्हणून आधी अंग थंड करा, मग एसी लावून व्हेटकडे. तालुक्याचा दवाखाना रविवारी उघडा असेलच असं धरू नका, नंबर घरूनच शोधून ठेवा. पग किंवा शिह त्झूसारखी चपट्या तोंडाची जात असेल तर लांब फिरण्याचा बेत थंडीतल्या पहाटेपुरताच.

आता कुसळं. फ्लॅटमध्ये वाढलेल्या पिल्लांच्या मालकांना ही माहीतच नसतात. पावसानंतर माळावरचं गवत पिकतं आणि त्याची टोकदार बी केसांत अडकते. तिच्यावरचे बारीक केस उलटे असल्यामुळे ती पुढेच सरकते, मागे येत नाही. पंजाच्या बोटांमध्ये शिरली की पिल्लू तीच जागा चाटत बसतं, कानात गेली की डोकं एका बाजूला कलवून झटकत राहतं, नाकात गेली की शिंकांचा मारा सुरू. गाडीत चढवण्याआधी बोटांच्या फटी, काखा आणि कानाच्या पाळ्या बोटांनी चाचपा. केसांत दिसेल ते उपटा. कानात गेलेलं इअरबडने काढायला जाऊ नका, आणखी आत ढकललं जाईल. ते व्हेटचं काम.

त्याच तपासणीत गोचीडही सापडतील. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, पेटती काडी असले गावठी उपाय नकोत. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला किंवा खाणं तुटलं तर रक्त तपासून घ्या. गोचीडविरोधी गोळी निघण्याआधीच दिलेली बरी. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा आजार) लसीचे दोन्ही डोस झालेत का तेही पुस्तिकेत पाहा. झाले असले तरी डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका.

पट्टा सोडण्याचा मोह सगळ्यांना होतो. घरात बोलावल्यावर येणारं पिल्लू कोंबडी दिसल्यावरही येईल, हा गोड गैरसमज आहे. कोंबडी मेली तर पैसे मोजा आणि वाद घालू नका, चूक आपलीच. हार्नेसला पाच-सहा मीटरची साधी दोरी बांधा, आपोआप गुंडाळणारा पट्टा झुडपात अडकतो. धनगरांची मेंढरं दिसली तर लांबूनच वळा, राखणीच्या कुत्र्यांना तुमचं पिल्लू गोंडस वाटत नाही. म्हैस अंगावर आलीच तर मात्र दोरी सोडा, पिल्लू तुमच्यापेक्षा लवकर निसटतं.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, कर्नाळा, तुंगारेश्वर इथे कुत्रा नेऊच नका. बिबट्याचा धोका आहेच, पण कुत्र्यांचे आजार वन्यप्राण्यांनाही होतात: २०१८ मध्ये गीरच्या सिंहांना डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजाराची लागण झाली होती.

साप चावल्याची शंका आली तर पट्टी आवळू नका, जखम कापू नका. पिल्लाला चालवू नका, उचलून गाडीत घ्या आणि निघतानाच दवाखान्याला फोन करून सर्पविषावरची लस आहे का विचारा.

दुसऱ्या दिवशी पिल्लू दिवसभर झोपलं तर झोपू द्या. लंगडत असेल तर आधी तळव्याच्या गाद्या पाहा, पेव्हर ब्लॉकवर वाढलेले पंजे खडकावर सोलवटतात. गाद्या ठीक असून लंगडणं दोन दिवसांत थांबलं नाही, तर दाखवून घ्या. माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका, अर्धीसुद्धा.