टॅरिफ २५ टक्के, मग गाडी किती महाग? स्वस्त स्पोर्ट्स कारचा हिशोब स्वतः कसा लावायचा

टॅरिफ, म्हणजे आयातीवरचा कर, वाढल्याची बातमी आली की लोक लगेच तीस हजार डॉलरच्या गाडीवर २५ टक्के लावतात, साडेसात हजार वाढले म्हणतात आणि मोकळे होतात. पण एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या गाड्यांवर २५ टक्के जादा टॅरिफ लावलं तेव्हा माझदाची मियाटा काय किंवा टोयोटाची जीआर८६ काय, स्टिकरवर, म्हणजे गाडीच्या काचेवर चिकटवलेल्या छापील किमतीत, एकदम साडेसात हजार काही चढले नाहीत. मग ते पैसे गेले कुठे? कोणीतरी भरलेच ना. ते शोधायचं कसं तेच इथे सांगतोय. उदाहरणं अमेरिकेचीच घेतलीयेत, कारण तिथे एकाच वर्षात दर चढला पण आणि उतरला पण, आणि तिथल्या स्वस्त स्पोर्ट्स कार जवळपास सगळ्या बाहेरून येतात. हिशोबाची रीत मात्र कुठेही तीच.

आधी बघा गाडी जुळते कुठे

लोगोवर जाऊ नका. टॅरिफला कंपनी कुठल्या देशाची याच्याशी घेणंदेणं नसतं, गाडी कुठल्या देशात बनून आली ते बघतात. अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवर एक लेबल असतं, १९९२ च्या कायद्याने सक्तीचं झालेलं, त्यावर शेवटची जुळणी कुठल्या शहरात झाली, अमेरिका-कॅनडाचे पार्ट किती टक्के, इंजिन आणि गिअरबॉक्स कुठल्या देशातून आले, सगळं लिहिलेलं असतं. फार कमी लोक वाचतात ते.

लेबल हाताशी नसेल तर व्हीआयएन, म्हणजे चॅसीवरच्या ओळख नंबरचं पहिलं अक्षर बघा. जे म्हणजे जपान, के कोरिया, डब्ल्यू जर्मनी, १, ४ किंवा ५ असेल तर अमेरिका, २ कॅनडा, ३ मेक्सिको. पण यावर शंभर टक्के विसंबू नका. टोयोटा सुप्राचा नंबर डब्ल्यूने सुरू होतो आणि गाडी बनलेली असते ऑस्ट्रियात, ग्रात्स शहरात. आणि टोयोटाची जीआर८६ घ्या, तिचा नंबर जेएफ१ ने सुरू होतो, तो सुबारूचा कोड आहे, कारण ती आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड दोन्ही सुबारूच्याच गुन्मा प्लांटमधून निघतात.

बाकीच्या पटकन सांगतो: मियाटा हिरोशिमाची, निसान झी तोचिगीची, होंडाची सिव्हिक टाइप आर जपानचीच, ह्युंदाईची इलांट्रा एन कोरियाची, फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गची आणि सिव्हिक एसआय कॅनडातल्या ओंटारियोची. अमेरिकेत बनणारी परवडणारी म्हणाल तर फोर्डची मस्टँग, मिशिगनच्या फ्लॅट रॉकमधली. शेव्हर्लेची कमारो होती पण ती डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली.

मस्टँगवाले लगेच खूश होतील, पण थांबा जरा. मस्टँग जीटीचं पाच लिटरचं व्ही८ इंजिन येतं कॅनडातल्या विंडसरमधून, आणि मॅन्युअल गिअरबॉक्स चीनमधून. पार्ट्सवरचं टॅरिफ ३ मे २०२५ पासून सुरू झालं. उत्तर अमेरिकेच्या व्यापार कराराच्या अटीत बसणाऱ्या कॅनडा-मेक्सिकोच्या पार्ट्सना त्यातून सूट आहे आणि अमेरिकेत गाडी जुळवणाऱ्या कंपनीला गाडीच्या किमतीच्या ३.७५ टक्क्यांइतकी सवलत पण मिळते, त्यामुळे मस्टँगला फटका कमी बसतो. कमी, शून्य नाही.

मग दर शोधा, पण मोजायचा तो फरक

इथेच बहुतेक जण चुकतात. नवा दर किती हा प्रश्नच अर्धवट आहे, आधी किती होता तेही लागतं. जपानच्या गाडीवर आधी अडीच टक्के होते. ३ एप्रिल २०२५ ला त्यावर २५ चढले, साडेसत्तावीस झाले, मग करार झाला आणि १६ सप्टेंबरपासून सगळं मिळून १५. म्हणजे खरी वाढ साडेबारा टक्क्यांची. युरोपचं गणित पण तेच, फक्त १५ चा दर १ ऑगस्टपासून धरला.

कोरियाचं वेगळं. त्यांच्याशी मुक्त व्यापार करार होता, २०१६ पासून कोरियन गाडीवर ड्युटी शून्य होती. शून्यावरून २५, आणि करारानंतर १ नोव्हेंबर २०२५ पासून १५. पेपरात जपान आणि कोरिया दोघांपुढे १५ चाच आकडा दिसतो पण इलांट्रा एनला बसलेला धक्का मियाटापेक्षा मोठा आहे, कारण जपानी गाडीवर १५ पैकी अडीच आधीपासूनच लागत होते.

कॅनडाचं अजून वेगळं. तिथून आलेली गाडी त्या उत्तर अमेरिकेच्या कराराच्या अटीत बसत असेल तर २५ टक्के पूर्ण गाडीवर लागत नाहीत, त्यातला अमेरिकन माल वजा करून जे उरतं त्यावर लागतात.

तारीख पण महत्त्वाची. गाडी बनली कधी ते मोजत नाहीत, कस्टम्समधून आत आली कधी ते मोजतात. २ एप्रिलला अमेरिकेच्या कस्टम्समधून सुटलेली आणि ३ तारखेला सुटलेली, एकाच लाइनवर एकाच आठवड्यात बनलेल्या दोन गाड्या असल्या तरी एक जुन्या दराची आणि एक नव्या.

टक्के स्टिकरवर लागत नाहीत

हा सगळ्यात मोठा मुद्दा, म्हणून जरा सावकाश. टॅरिफ लागतं कस्टम्स व्हॅल्यूवर, म्हणजे आयात करणाऱ्याने गाडी ज्या भावाने घेतली त्यावर. आयात करणारी कोण? बहुतेक वेळा त्याच कंपनीची अमेरिकेतली शाखा. तिने जपानमधल्या मूळ कंपनीकडून गाडी घेतली त्या भावात डीलरचं मार्जिन नसतं, अमेरिकेतली जाहिरात, वॉरंटी, बंदरापासून शोरूमपर्यंतचा ट्रक, यातलं काही नसतं. ते सगळं नंतर चढतं. आणि चेक फाडते तीच अमेरिकन शाखा, जपान सरकार किंवा जपानी कारखाना नाही, हे राजकारणी कितीही उलटं सांगोत.

आता हिशोब. कंपन्या हा आतला भाव सांगत नाहीत, म्हणून आपण धरून चालू की तीस हजारांच्या गाडीची कस्टम्स व्हॅल्यू २४,००० आहे. जुना अडीच टक्के दर म्हणजे ६०० डॉलर. साडेसत्तावीस टक्क्यांनी ६,६००. पंधरा टक्क्यांनी ३,६००. म्हणजे आज जपानी गाडीवर जुन्यापेक्षा जास्तीचे ३,००० पडतात, स्टिकरच्या दहा टक्के. कोरियन गाडी त्याच व्हॅल्यूची असेल तर ३,६०० पूर्णच्या पूर्ण नवे. आणि कॅनडाच्या गाडीत अर्धा माल अमेरिकन धरला तर १२,००० वर २५ टक्के, परत ३,००० च. बघा, २५ आणि १५ दिसायला किती लांब आणि उतरले एकाच जागी.

तुम्ही २४,००० च्या जागी २२ किंवा २६ धरून बघा, उत्तर फार हलत नाही. हा आकडा म्हणजे छत समजा. गाडी यापेक्षा जास्त महाग झाली असेल तर वरची वाढ त्या गाडीवरच्या टॅरिफची नाही, कारण दुसरं काहीतरी आहे, किंवा कोणीतरी टॅरिफच्या नावाखाली हात धुवून घेतलाय.

तीन हजार कोणाच्या खिशातून

तीन खिसे आहेत: कंपनी, डीलर आणि तुम्ही. २०२५ मध्ये जपानी कंपन्यांनी सुरुवातीला बराच भार स्वतःच उचलला. जपानच्या मध्यवर्ती बँकेच्या आकड्यांत जून २०२५ ला उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांचा निर्यात भाव वर्षभरापूर्वीपेक्षा जवळपास पाचव्या हिश्श्याने खाली होता. यात एक गंमत आहे. कंपनीने स्वतःच्याच शाखेला गाडी स्वस्तात विकली की कस्टम्स व्हॅल्यू घटते आणि व्हॅल्यू घटली की ड्युटी पण घटते. २४,००० ची २१,६०० केली की १५ टक्क्यांचे ३,६०० ऐवजी ३,२४० होतात.

हे जमलं कशामुळे, तर येनमुळे. २०२१ च्या सुरुवातीला डॉलरला साधारण १०३-१०४ येन मिळायचे, जुलै २०२४ मध्ये १६१ च्या वर गेले होते. डॉलरमध्ये भाव कमी घेतला तरी येनमध्ये हातात बऱ्यापैकी पडतं. म्हणून जपानी गाडी घ्यायची असेल तर टॅरिफच्या बातमीइतकंच येनकडे लक्ष ठेवा, येन वधारला की ही उशी गेली.

पण स्वस्त स्पोर्ट्स कारची मुळातली अडचण अशी की तिच्यात मार्जिनच कमी. महागड्या पोर्शच्या गिऱ्हाइकाला पाच हजार वाढवून सांगितले तरी तो फार तर तोंड वाकडं करेल आणि घेईल. तीस हजारवाला माणूस तेहतीस ऐकून सरळ जुनी गाडी बघायला लागतो. आणि अमेरिकेत कारखाना काढा म्हणणं सोपं आहे, पण २०२४ मध्ये अमेरिकेत मियाटा विकल्या गेल्या आठ हजारांच्या आसपास, तेवढ्यासाठी कोण लाइन टाकणार? म्हणजे भाव वाढवता येत नाही, कारखाना हलवता येत नाही. मग कंपनी काय करते?

वाढ लपते कुठे

इथे डोळे उघडे ठेवा. बेस मॉडेलचा आकडा जाहिरातीत असतो म्हणून तो शक्यतो शेवटपर्यंत धरून ठेवतात, आणि बाकी सगळीकडून वसूल करतात.

पहिलं ठिकाण डेस्टिनेशन चार्ज. गाडी डीलरपर्यंत पोचवण्याचे पैसे. स्टिकरवर तो वेगळा लिहावाच लागतो, १९५८ चा कायदा आहे, पण जाहिरातीतल्या किमतीत बऱ्याचदा नसतो. त्यामुळे किंमत तीच ठेवून इथे शंभर-दोनशे वाढवले तर कोणाच्या लक्षात येत नाही. तुलना करताना नेहमी स्टिकरवर सगळ्यात खाली लिहिलेली एकूण रक्कम घ्या.

दुसरं, बेस ट्रिमच, म्हणजे त्या मॉडेलचं सगळ्यात साधं व्हर्जनच गायब. म्हणायला भाव वाढलेला नसतो, फक्त सगळ्यात स्वस्त व्हर्जन पुढच्या वर्षाच्या यादीत नसतं किंवा असतं पण डीलरकडे येत नाही, कारण ड्युटी भरूनच आणायची तर जास्त मार्जिनवालीच आणू असा सरळ विचार असतो. माझ्या मते स्पोर्ट्स कारवाल्यांनी याचीच खरी धास्ती घ्यावी. साधं कापडी सीट, मॅन्युअल, छोटी चाकं, ज्यासाठी आपण ही गाडी घेतो तेच व्हर्जन आधी जातं. म्हणून एकाच नावाच्या गाडीची सुरुवातीची किंमत दोन वर्षांची बघताना ट्रिम तीच आहे ना ते बघा, आणि फीचरची यादी शेजारी ठेवून ताडून बघा, कधी कधी चांगले ब्रेक वेगळे पैसे घेणाऱ्या पॅकेजमध्ये ढकललेले सापडतात.

तिसरं डिस्काउंट. एप्रिल २०२५ मध्ये फोर्डने सगळ्यांना कर्मचाऱ्यांच्या भावात गाड्या दिल्या, ह्युंदाईने २ जूनपर्यंत किंमत वाढवणार नाही असं जाहीर केलं. तो काळ घ्यायला चांगला होता. अशा ऑफर संपल्या की स्टिकर हलत नाही पण तुम्ही भरता ते वाढतं. कमी व्याजाचं लोन बंद झालं, लीजचा हप्ता वाढला, हीपण भाववाढच.

चौथं, ज्यांचा संबंधच नाही अशांकडून वसुली. स्पोर्ट्स कारवरचं टॅरिफ कंपनी त्याच शोरूममधल्या एसयूव्हीवर वाटून टाकते, आणि कधी उलटं पण होतं, एसयूव्हीची विक्री टिकवायला तिचा भाव धरून ठेवतात आणि छंदवाल्यांच्या गाडीवर चढवतात. म्हणून एकाच मॉडेलचा आकडा बघून निष्कर्ष काढू नका, कंपनीची सगळी प्राइस लिस्ट उघडा.

शेवटी तुमच्या खिशाचा हिशोब

समजा तीन हजारांपैकी अर्धे, १,५०० तुमच्यावर आले. त्यावर विक्रीकर लागतो, कारण तो वाढलेल्या किमतीवर असतो. सहा टक्के धरले तर १,५९०. हे पाच वर्षांच्या लोनमध्ये ७ टक्क्यांनी घातले तर हप्ता साडेएकतीस डॉलरने वाढतो आणि पाच वर्षांत जातात १,८८९ च्या आसपास. म्हणजे करावर कर आणि दोन्हीवर व्याज.

डीलरच्या आवारात टॅरिफच्या आधी आलेल्या गाड्या उभ्या असतील तर विचारा, ही इथे कधीपासून आहे. दाराच्या चौकटीवर महिना-वर्ष असतं, त्यावरून अंदाज येतो. पण डीलर ती जुन्या भावात देईलच असं नाही, त्याला तिच्या जागी पुढची गाडी नव्या भावात भरायची असते. तरी बोलायला जागा आहे, कारण त्या गाडीत त्याचा जादा खर्च झालेला नाही हे तुम्हाला माहितीये आणि तुम्हाला माहितीये हे त्याला कळलं की सूर जरा बदलतो.

जुन्या गाडीवर, म्हणजे आधीच देशात असलेल्या, टॅरिफ लागत नाही पण नवी महागली की तीपण वर सरकते, दोन-तीन वर्षं वापरलेल्या गाड्या सगळ्यात आधी. जरा मागे जा, पाच-सात वर्षांच्या गाड्यांवर परिणाम उशिरा येतो. जपानमधून जुनी गाडी मागवायचा विचार असेल तर बनून २५ वर्षं झालेल्या गाड्यांना या २५ टक्क्यांतून वगळलंय, बाकीच्या ड्युटीसाठी मात्र पैसे भरण्याआधी कस्टम्स ब्रोकरकडून, म्हणजे आयातीची कागदपत्रं करून देणाऱ्या एजंटकडून, लेखी आकडा घ्या आणि तो आकडा कुठल्या तारखेच्या दराने काढलाय तेही त्याच कागदावर लिहून घ्या, कारण गाडी जहाजात असताना दर बदलला तर नवा दर तुम्हीच भरणार.