जुनी इलेक्ट्रिक गिटार विकताय? आधी तिला ‘नवी’ करू नका: या चुका टाळा

खान्देशात जुन्या इलेक्ट्रिक गिटारी वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतली घरं, जळगाव-धुळ्याचे जुने ऑर्केस्ट्रावाले, अमळनेर-शिरपूरकडचे लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारे हात. कुणाच्या मामाने आखातातून आणलेली, कुणी मुंबईत उभ्या उभ्या सौदा करून घेतलेली. स्पेअर पार्ट मिळायची मारामार, त्यामुळे जवळजवळ प्रत्येकीवर काही ना काही काम झालेलं असतं. पिकअप (तारांखालचा, आवाज पकडणारा चुंबकी भाग) बदललेला, खुंट्या बदललेल्या, रंग मारलेला. आता घरातलं कुणी वाजवत नाही, म्हणून ती विकायला निघते. आणि विकायच्या आधीच्या पंधरा दिवसांत तिचं जितकं नुकसान होतं, तितकं आधीच्या तीस वर्षांत झालेलं नसतं. हे पाहून मला खरंच वाईट वाटतं.

रंगाचा डबा लांब ठेवा

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गॅरेजमध्ये नेऊन डुको मारून घेणं. घासलेली कड, पिवळा पडलेला पांढरा रंग, बारीक भेगांची जाळी हे सगळं आपल्याला जुनाट दिसतं. घेणाऱ्याला तोच अस्सलपणाचा पुरावा वाटतो. मूळ रंग घालवून पुन्हा रंगवलेल्या गिटारीची किंमत साधारण निम्म्यावर येते, असा या व्यवहारातला जुना ठोकताळा आहे. पूर्वीच कुणी रंगवली असेल तर ते सांगून विका, पण आता त्यावर तिसरा थर चढवू नका.

साफसफाईतही तेच. रॉकेल, गाडीचं पॉलिश, फर्निचरचं स्प्रे पॉलिश यांतलं काही नको. अमेरिकेच्या गिब्सन कंपनीच्या गिटारी आणि तिथल्याच फेंडर कंपनीच्या १९६८ च्या आधीच्या गिटारी यांच्यावर नायट्रोसेल्युलोज लॅकर (एक प्रकारचं वार्निश) असतं. ते इतकं नाजूक, की स्टँडचं साधं रबरसुद्धा त्याला चिकटून डाग पाडतं. ओलसर पिळलेलं सुती फडकं आणि लगेच कोरडं फडकं, एवढ्यावर थांबा. तारांखालची काळी पट्टी रोजवूडची असेल तर थेंबभर तेल चालतं; मेपलच्या लॅकर मारलेल्या पिवळ्या पट्टीवर तेल लावू नका.

काढलेले पार्ट भंगारात देऊ नका

कस्टमाइज केलेल्या गिटारीत हा मुद्दा सगळ्यात मोलाचा. कपाटातला जुना बिस्किटाचा डबा उघडून बघा. त्यात मूळ खुंट्या, मूळ नॉब, पिकअपचं कव्हर, ब्रिजचे (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाचे) स्क्रू निघाले, तर ते गिटारीबरोबरच जायला हवेत. पुन्हा मूळ रूपात आणता येईल असा बदल आणि कायमचा बदल, यांत किमतीचं मोठं अंतर पडतं. खुंट्या त्याच भोकांत बसल्या असतील तर फारसं बिघडत नाही. हंबकर (दोन गुंडाळ्यांचा पिकअप) बसवायला लाकूड कोरलं असेल किंवा नवं व्हायब्रेटो (तारांचा सूर लववणारी दांडी) बसवायला बॉडीत खड्डा पाडला असेल, तर ते परत येत नाही.

आपल्याकडचा खास बदल म्हणजे हवाइयन सेटिंग. सिनेमाच्या गाण्यांसाठी गिटार मांडीवर आडवी ठेवून, स्टीलचा बार फिरवून वाजवायची पद्धत होती. त्यासाठी नट (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची छोटी पट्टी) उंच करून तारा पट्टीपासून वर उचलत. अशी गिटार सरळ धरून वाजवायला जाणारा दोन मिनिटांत म्हणतो, ‘ही मान वाकलीय.’ मान बऱ्याचदा ठीक असते. मूळ नटवर नुसती धातूची टोपी बसवलेली असेल तर ती काढता येते; नट बदललेला असेल तर तसं स्पष्ट सांगा. या वाजवण्याची स्वतःची एक परंपरा आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

नंबर पाहिला म्हणजे साल कळलं असं नाही

‘नंबरावरून १९७७ ची निघते’ एवढ्यावर भाव सांगू नका. फेंडरचा नंबर १९७६ पर्यंत मागच्या मानेच्या प्लेटवर असे, आणि प्लेट तीन-चार स्क्रूंवर बदलता येते. त्यानंतर नंबर मानेच्या टोकाला, खुंट्या असतात त्या डोक्यावर आला; एस अक्षरानंतरचा आकडा सत्तरच्या दशकातलं वर्ष दाखवतो, पण एस ९ चे नंबर १९८० नंतरच्या गिटारींवरही सापडतात. गिब्सनच्या १९७७ पासूनच्या आठ आकडी नंबरात पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष होतं, मधले तीन आकडे वर्षातला दिवस सांगतात.

खरी साक्ष आत असते. व्हॉल्यूमच्या पॉटच्या (नॉबखाली आत बसवलेल्या भागाच्या) पाठीवर छापलेला कोड बघा. समजा १३७७६३३ आहे. १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ७६ म्हणजे १९७६, ३३ म्हणजे वर्षाचा तेहतिसावा आठवडा. म्हणजे हा पॉट जर मूळचाच असेल, तर गिटार त्याआधीची असू शकत नाही. तिथले झाळणीचे ठिपके मात्र जसेच्या तसे ठेवा. न उकललेलं जुनं सोल्डर पाहायला घेणारे भिंग घेऊन बसतात. उजेडात फोटो काढा आणि झाकण परत लावा. मान खोलायची सवय नसेल तर खोलूच नका. मानेखाली कधी कधी कागदाची पातळ पट्टी असते, ती हरवली की तारांची उंची बिघडते.

‘आवाज येत नाही’, ‘हम येतो’: आधी तपासा

बरेच सौदे इथेच फिसकटतात, आणि दोष बहुतेक वेळा घराच्या वायरिंगचा असतो. सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचा) पिकअप ५० हर्ट्झचा हम, म्हणजे विजेची घुमघुम, पकडणारच. ट्यूबलाइट आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर त्यात भर घालतात. तारांना हात लावल्यावर हम कमी झाला तर ब्रिजची अर्थिंगची वायर शाबूत आहे. हात लावल्यावर वाढला तर ती वायर सुटलेली असू शकते, किंवा जॅकवरच्या (केबल लावतात तिथल्या) वायरी उलट जोडलेल्या असतील. तारांना हात लावताच झिणझिण्या आल्या तर तिथेच थांबा आणि आधी ॲम्प व घराची अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासा. घेणाऱ्याला ऐकवायला बॅटरीवर चालणारा छोटा ॲम्प वापरा. गिटारीचा स्वतःचा आवाज किती, ते लगेच कळतं.

नॉब फिरवताना खरखर येत असेल तर तो पॉटमधला मळ, काँटॅक्ट क्लीनरच्या एका फवाऱ्याचं काम. आवाजच नसेल तर केबल जॅकमध्ये लावून दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर धरा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा. सिंगल कॉइल साधारण ५ ते ७ किलोओहम दाखवतो, हंबकर ७ ते ९. काटा हललाच नाही आणि शून्यही आलं नाही, तर कुठेतरी तार तुटली आहे. एका जागेचा पिकअप मेला असेल तर ‘हा बंद आहे’ असं सांगून विका. शेतीपंपाच्या मोटारी भरणाऱ्याकडे तो नेऊ नका. तो माणूस आपल्या कामात वाकबगार असतो, पण इथे केसापेक्षा बारीक तारेचे सात-आठ हजार वेढे असतात, आणि ते मूळचे असण्यालाच किंमत असते.

मे महिन्यात घाई नको

जळगाव-भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत. लाकूड आकसतं आणि फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) कडा हाताला टोचू लागतात. लगेच कानशीने घासू नका. साबणदाणीला भोकं पाडून त्यात पिळलेला ओला स्पंज ठेवा आणि ती गिटारीच्या पेटीत ठेवून द्या. काही आठवड्यांत बराच फरक पडतो. ट्रस रॉडचा (मान सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईचा) नटही पाव वळशापेक्षा जास्त एका वेळी फिरवू नका. घट्ट बसला असेल तर जोर करू नका, आत तुटला तर अख्खी मान गेली.

भाव, पैसे, पार्सल

परदेशी साइटवरचा मागितलेला भाव रुपयांत करून पाटी लावू नका. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या, तुमच्यासारखेच बदल झालेल्या गिटारींचे भाव शोधा. ‘फायनल सांग ना भो’ म्हणत न बघता भाव पाडणाऱ्याला घाईने हो म्हणू नका. खरा गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत, बंगळुरूत किंवा ईशान्य भारतात निघण्याची शक्यता जास्त. परदेशात पाठवायची असेल तर एक लक्षात ठेवा: साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक अमेरिकन गिटारींची पट्टी ब्राझिलियन रोजवूडची आहे. १९९२ पासून ते लाकूड साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे. कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडली तर गिटार जप्त होऊ शकते.

पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. ‘क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणणारा, स्वतःला सैन्यातला सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवणारा, यांच्याशी बोलणं तिथेच थांबवा.

पाठवताना तारा सैल करा, पूर्ण काढू नका. पेटीत मानेच्या डोक्याखाली आणि वरून फोमचा आधार द्या, कारण प्रवासात तुटतं ते बहुतेक तिथेच. गिब्सनची मान तर तिथे आणखी कच्ची. केळीची खोकी आपल्याकडे मुबलक, ती उघडून पुठ्ठ्याचा दुहेरी थर पेटीभोवती बांधता येतो. पेटी बंद करण्याआधी नंबर, मागची बाजू आणि प्रत्येक भेग एकाच सलग व्हिडिओत घ्या, मूळ पार्टांची पिशवी त्यात दिसू द्या, आणि तो घेणाऱ्याला पार्सल सुटायच्या आधी पाठवा.