इंग्लंडमध्ये घरात अचानक मृत्यू झाला तर: कॉरोनर, पोस्टमॉर्टेम आणि इन्क्वेस्ट

इथे स्थिरावलं की आपल्यातले बहुतेक जण आई-बाबांना काही महिन्यांसाठी बोलावून घेतात. म्हणूनच विषय अभद्र वाटला तरी हे आत्ता वाचून ठेवा. वेळ आली की वाचायला डोकं थाऱ्यावर नसतं.

समजा, बाबा रात्री झोपेतच गेले. तुम्ही 999 ला फोन करता, पॅरामेडिक येऊन मृत्यू झाल्याचं सांगतात आणि पाठोपाठ पोलीस दारात येतात. ते खोली बघतात, औषधं बघतात, रात्री जेवण कधी झालं ते विचारतात. संशय आहे म्हणून नव्हे, अनपेक्षित मृत्यूच्या वेळी इथे हे असंच होतं. बाबांवर इथे कुणी डॉक्टरने उपचार केलेले नाहीत, म्हणजे मृत्यूचं कारण खात्रीने लिहून देणारं कुणी नाही. म्हणून प्रकरण कॉरोनरकडे, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातं.

मुंबईतही 1999 पर्यंत कॉरोनर होता. आता आपल्याकडे अकस्मात मृत्यूची नोंद आणि पंचनामा पोलीसच करतात, त्यामुळे चौकशी म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. इथला कॉरोनर पोलिसांच्या हाताखाली नसतो, तो स्वतंत्र न्यायिक अधिकारी असतो. मृत्यू हिंसक किंवा अनैसर्गिक असेल, कारण कळत नसेल, किंवा माणूस कोठडीत असेल, तर चौकशी करणं त्याला बंधनकारक आहे. बाकीचे मृत्यू 9 सप्टेंबर 2024 पासून मेडिकल एक्झामिनर, म्हणजे उपचारांशी संबंध नसलेला वरिष्ठ डॉक्टर तपासतो. हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. स्कॉटलंडमध्ये हे काम प्रोक्युरेटर फिस्कलकडे, म्हणजे तिथल्या सरकारी वकिलाकडे असतं.

तुमचं बोलणं होईल ते कॉरोनर्स ऑफिसरशी, म्हणजे कॉरोनरच्या वतीने चौकशीचं काम बघणाऱ्या माणसाशी. पहिल्याच फोनवर सगळं मोकळेपणाने सांगा: दहन लवकर करण्याची आपली रीत आहे, भाऊ पुण्याहून निघालाय, पार्थिव भारतात न्यायचंय. गावच्या डॉक्टरांची फाइल, जुना ईसीजी, गोळ्यांच्या स्ट्रिप्स जपून ठेवा आणि त्यांचे फोटो लगेच पाठवा. सांगलीच्या हृदयरोगतज्ज्ञांचं एक पत्रसुद्धा कारण ठरवायला उपयोगी पडू शकतं. म्हणून आई-बाबा विमानात बसायच्या आधीच ही फाइल सामानात भरायला सांगा.

पोस्टमॉर्टेमसाठी घरच्यांची परवानगी लागत नाही, हे ऐकून अनेकांना फार लागतं. तुमची हरकत मात्र जरूर नोंदवा. काही भागांत चिरफाडीऐवजी सीटी स्कॅनची सोय असते. तो खर्च बऱ्याचदा कुटुंबालाच करावा लागतो आणि त्यातून कारण कळेलच असं नाही, तरी विचारून बघा. कारण नैसर्गिक निघालं तर बहुतेक वेळा प्रकरण तिथेच मिटतं आणि मृत्यूची नोंदणी होते. पार्थिव भारतात न्यायचं असेल तर मृत्यू साधा असला तरी कॉरोनरची परवानगी लागतेच. निदान चार दिवस आधी अर्ज करा आणि तोवर तिकिटं काढू नका.

अपघात, आत्महत्या, कामावरचा मृत्यू किंवा तपासणीनंतरही न उलगडलेलं कारण असेल तर इन्क्वेस्ट, म्हणजे कॉरोनरच्या कोर्टातली चौकशी होते. ती सुरू होऊन लगेच तहकूब होते. पार्थिव साधारण त्याच सुमारास मिळतं, त्यामुळे अंत्यसंस्कार सुनावणीसाठी अडत नाहीत. अंतिम दाखला इन्क्वेस्टनंतरच मिळतो. तोवर कॉरोनरकडून तात्पुरता दाखला मागून घ्या, बँकेची आणि विम्याची कामं त्यावर सुरू करता येतात. सुनावणी सहा महिन्यांत पूर्ण करावी असा नियम आहे, पण प्रत्यक्षात अनेकदा जास्त वेळ जातो.

सुनावणीत चार प्रश्न असतात: कोण, कुठे, कधी आणि कसा मृत्यू पावला. दोषी कोण, शिक्षा काय, हे तिथे ठरत नाही. ज्युरी क्वचितच असते, मुख्यतः कोठडीतल्या काही मृत्यूंमध्ये आणि कामावरच्या काही अपघातांत. सुनावणी खुली असते, पत्रकारही येऊ शकतात. साक्ष द्यायची वेळ आली तर शपथ भगवद्गीतेवर घेता येते. इंग्रजी अडत असेल तर दुभाषा आधीच मागा. वकील सक्तीचा नाही, पण रुग्णालयाच्या हलगर्जीची शंका असेल तर सल्ला घ्याच, कारण समोर त्यांचा वकील असू शकतो. साक्षीदारांना प्रश्न विचारायचा घरच्यांना हक्क आहे. तो वापरा. आपली माणसं भिडेपोटी गप्प बसतात आणि मनातला प्रश्न तसाच राहतो.

असा मृत्यू पुन्हा होऊ शकतो असं कॉरोनरला वाटलं, तर त्याला संबंधित संस्थेला तसा अहवाल धाडावाच लागतो आणि त्या संस्थेने 56 दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ते उत्तर तुम्हीही मागून घ्या. अनेक कॉरोनर कोर्टांत कॉरोनर्स कोर्ट्स सपोर्ट सर्व्हिसचे स्वयंसेवक असतात. ते दालन दाखवतात, शेजारी बसतात आणि पैसे घेत नाहीत.