घरी बांधणी रंगवताना या चुका टाळा

आमच्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत कुणी ओढणी रंगवली की दोन-तीन दिवसांत माझ्या दाराची बेल वाजते. "ताई, नक्षी सुरेख उमटली होती, पण पहिल्याच धुण्यात सगळा रंग बादलीत!" मी आधी विचारते, सोडा कोणता घातलात? बहुतेक वेळा खायचा सोडा निघतो.

थंड पाण्यात वापरायचे रिॲक्टिव्ह रंग सुताला रासायनिक बंधाने चिकटतात. त्यासाठी पाणी चांगलंच आम्लारिधर्मी (अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं) लागतं आणि खायच्या सोड्यात तेवढी ताकद नसते. धुण्याचाच सोडा हवा. त्यातही एक मेख आहे. कोरडी सोडा ॲश (धुण्याच्या सोड्याची पाणी नसलेली पूड) आणि खड्यांचा सोडा सारख्या वजनाने वापरू नका. खड्यांत निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं, म्हणून ते जवळजवळ पावणेतीन पट लागतात. मी १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम सोडा ॲश विरघळवते, कपडा १५-२० मिनिटं भिजवते, घट्ट पिळते आणि मग बांधते. हातमोजे घालूनच. भांडं ॲल्युमिनियमचं नको, सोडा ते खातो.

रंगवून झाल्यावर मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून हा रंग पक्का होत नाही. आपल्या आया-आज्या नवा कपडा मिठात भिजवायच्या, त्यामुळे हा समज सुटत नाही. व्हिनेगर लागतं ते रेशीम आणि लोकरीच्या ॲसिड रंगांना. पुडीवर पाणी उकळायला सांगितलं असेल तर तो रंगच वेगळा. तिथे पुडीचंच ऐका.

दुसरी मोठी चूक घाईची. रंग लावलेला कपडा पंख्याखाली वाळवला की रंग धरण्याचं काम तिथेच थांबतं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून १२ ते २४ तास ओलाच ठेवा, जानेवारीत स्वयंपाकघराच्या उबेत. मग गाठींसकट थंड पाण्यात खळबळा, गाठी सोडा आणि नंतर साबणाच्या कडकडीत गरम पाण्याने धुवा. गरम पाण्याला बायका घाबरतात, पण न चिकटलेला रंग त्यानेच निघतो. तो आत राहिला तर पुढच्या धुण्यात पांढऱ्या ठिपक्यांवर चढतो. टँकरचं किंवा बोअरचं पाणी बहुतेकदा जड असतं, त्याने डाग पडू शकतात. रंगवायला नळाचंच पाणी भरून ठेवा.

जांभळी नाक्यावरून आणलेल्या कोऱ्या मांजरपाटाला खळ असते. धुण्याच्या सोड्यात आणि साबणात अर्धा तास उकळा. पाण्याचा थेंब लगेच शोषला गेला की कपडा तयार. सुती की पॉलिस्टर अशी शंका आली तर एक धागा जाळा. सूत कागदासारखं जळून राख होतं, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. पॉलिस्टरवर हे रंग बसत नाहीत.

नक्षी पसरली तर कपडा फार ओला होता किंवा दोरा सैल होता. मूगडाळीचा दाणा ठेवून दोरा घट्ट आवळा, रबरबँडपेक्षा ठिपका नीट येतो. घड्या जास्त झाल्या तर मधला भाग कोराच राहतो. बाटलीचं तोंड घडीत घालून रंग सोडा. लाल-हिरवा शेजारी ठेवलात तर मध्ये मातकट तपकिरी होणारच.

फिकी पडलेली ओढणी टाकू नका. पुन्हा सोड्यात भिजवा, जुन्या ठिपक्यांशेजारी नवे बांधा आणि आधीपेक्षा गडद रंग द्या. बांधणी करणारेही फिक्याकडून गडदाकडेच जातात.