स्टील गिटारवर राग वाजवताय? मग या चुका टाळा

स्टील गिटार, म्हणजे आपल्याकडे बरीच वर्षं जिला हवाईयन गिटार म्हणतात ती, तिच्यावर राग वाजवायला घेतलेल्या लोकांच्या तक्रारी जवळजवळ सारख्याच असतात. सूर कणसूर लागतो, मागून खरखर येते, आणि सगळं बरोबर वाजवूनही राग न वाटता सिनेमाच्या गाण्याची धून वाटते. यात वाद्याचा दोष फार क्वचित असतो. पं. ब्रिजभूषण काब्रांनी १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर केलेली रेकॉर्ड ऐका, संतूर आणि बासरीच्या शेजारी गिटार कुठेही पाहुणी वाटत नाही. काब्राजी अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य, म्हणजे गिटार हातात पण तालीम सरोदच्या घराची. खरी मेख तिथेच आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पडदा बघून सूर लावणं.

बोटांनी गिटार वाजवून आलेला माणूस बार, म्हणजे तारांवर सरकवायचा स्टीलचा दांडा, पडद्याच्या (पट्टीवरच्या आडव्या धातूच्या रेघेच्या) मागे ठेवतो कारण बोट तिथेच दाबायची सवय असते, मग सूर उतरलेला येतो. बार पडद्याच्या बरोब्बर वर हवा हे कोणीतरी सांगतं आणि ती चूक सुटते, पण लगेच दुसरी सुरू होते कारण आता पडद्याची रेघ म्हणजेच सूर असं वाटायला लागतं. तसं नाहीये. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेत, आपला गंधार (ग) त्या हिशोबात बसत नाही. साधारण ६५ सेंटीमीटर लांबीची तार धरा आणि ती सा ला मिळवा. शुद्ध गंधाराचा पडदा येतो नटपासून, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपासून, १३.४ सेंटीमीटरवर, पण तानपुऱ्याशी मिळणारा गंधार आहे १३ सेंटीमीटरवर. म्हणजे तब्बल ४ मिलिमीटर अलीकडे! कोमल गंधार उलट पडद्याच्या जवळजवळ ५ मिलिमीटर पुढे. पंचमाचा फरक अर्धा मिलिमीटर, तो सोडून दिला तरी चालतो. वरच्या सप्तकात हे सगळे फरक निम्मे होतात, त्यामुळे तिथे हात जास्त बारीक चालवावा लागतो. आणि दरबारीचा गंधार तर नेहमीच्या कोमल गंधारापेक्षाही उतरलेला आणि शिवाय आंदोलित, म्हणजे संथ हेलकावणारा, त्याच्यासाठी कुठली रेघ शोधणार?

म्हणून रेघा फक्त गावाचं नाव सांगतात, घर कानानेच शोधायचं. तानपुऱ्याचं ॲप चालू ठेवा, डोळे मिटून गंधार लावा, लागला असं वाटलं की मग डोळे उघडून बार कुठे आहे ते बघा. आधी बघून मग लावायचं नाही. ट्यूनर मोबाईलमध्ये असतोच सगळ्यांच्या, पण त्याने फक्त सा आणि प मिळवा, गंधार त्याच्या हिरव्या दिव्यावर लावाल तर चढाच लागेल.

अजून एक गोष्ट जी फारशी कोणी सांगत नाही. स्टील गिटारच्या तारा पट्टीपासून बऱ्याच उंच असतात, ८ ते १० मिलिमीटर. तुमची नजर वाद्याच्या मधोमध आणि बार नटच्या बाजूला असेल तर तुम्ही तिरकं बघताय, आणि तिरकं बघितलं की बार जिथे आहे तिथे दिसतच नाही, काही मिलिमीटरचा फरक सहज पडतो. डोकं बारच्या वर आणून बघा. खालचे सूर बरोबर आणि वरचे चुकतात किंवा उलट, अशी तक्रार असेल तर आधी हे तपासा, मगच वाद्याला नावं ठेवा.

तारा पुरेशा उंच नसतील तर बार पडद्यांवर आपटतो, खडखड येते. साध्या गिटारला नटवर बसवायची उंच पट्टी मिळते, ती बसवायला काही कोरावं लागत नाही आणि काढली की गिटार पुन्हा पहिल्यासारखी. उंच केल्यावर मात्र बार दाबायचा नाही, बारचं स्वतःचं वजन पुरतं. दाबलात की तार ताणली जाते आणि सूर चढतो. बार पोकळ, हलका असेल तर दाबावंच लागतं, म्हणून भरीव स्टीलचा जड बार घ्या. गिटारवरच्या बारीक तारांचा सेट, दहाचा वगैरे (म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१० इंचाची), यासाठी ढिला पडतो आणि आस, म्हणजे आघातानंतर रेंगाळणारा आवाज, टिकत नाही, तेराचा सेट लावा.

पण जाड तारा लावल्यावर ट्यूनिंग वर चढवू नका. राग वाजवायला ओपन डी (सा म्हणजे डी धरून मोकळ्या तारा मिळवणं) सोपं पडतं, जाड तारेपासून सा प सा ग प सा, आणि यात नेहमीच्या ट्यूनिंगपेक्षा एकही तार वर जात नाही, काही खालीच येतात. काही लोक ओपन ई किंवा ओपन ए करतात, त्यात तारा वर चढतात. साध्या गिटारवर सहा तारांचा ताण मुळातच ७० किलोच्या आसपास असतो, त्यात भर घातली की ब्रिज (पोटावरची तारा अडकवायची पट्टी) उचलतो, गिटारचं पोट फुगतं. हेच तरफेच्या तारांबद्दल, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या जादा तारांबद्दल. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा बघून कित्येकांना आपल्या गिटारला खुंट्या ठोकाव्याशा वाटतात. त्या वाद्याला २० तारा आहेत, त्यातल्या १२ तरफेच्या, आणि ते तेवढा भार पेलायलाच बांधलेलं असतं. दुकानातली गिटार नाही पेलणार. सहा तारांवर पुष्कळ होतं, खरंच.

ओपन डी मध्ये एक सापळा आहे. तिसरी तार शुद्ध गंधाराची. भूप, यमन वाजवताना ती गोड साथ देते, पण त्याच ट्यूनिंगवर मालकंस घेतला की हात चुकून लागल्यावर शुद्ध गंधार वाजतो आणि सगळं संपलं. शिवाय मालकंसात पंचमही नाही, आणि तुमच्या दोन तारा पंचमाच्या! मग मालकंसासाठी तिसरी तार गंधारावरून मध्यमावर चढवा, तो नेहमीच्या ट्यूनिंगचाच जी आहे म्हणून धोका नाही, आणि दोन्ही पंचम मध्यमावर उतरवा. मारव्यात पंचम वर्ज्य, तिथे दुसरी तार धैवतावर घ्या. राग बदलला की तारा बदला, सतारवाले तरफा जुळवायला वेळ घालवतात तो उगाच नाही.

आता मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. बार आहे म्हणजे मींड फुकट मिळते आणि म्हणूनच ती बिघडते. नवीन माणूस प्रत्येक सुराला खालून घसरत येतो. सा ला घसरत, रे ला घसरत, प्रत्येक वेळी. ऐकणाऱ्याला पाच मिनिटांत कंटाळा येतो आणि रागाचा चेहराही पुसला जातो. भूपाचंच उदाहरण घ्या. भूपात म आणि नी नाहीत. पण वरच्या सा वरून धैवतावर बार सावकाश ओढत आणलात तर वाटेत निषाद ऐकू येतोच, आणि पंचमावरून गंधारावर आलात की तीव्र मध्यम. अवरोहात अशाच मींडेने नी आणि तीव्र म ला स्पर्श करणारा राग आहे शुद्ध कल्याण. म्हणजे तुम्ही मनापासून भूप वाजवताय आणि ऐकणारा म्हणतोय वा, शुद्ध कल्याण छान चाललाय! भूपात ती जागा चपळाईने पार करा, किंवा बार उचलून थेट खालच्या सुरावर ठेवा. बार उचलता येतो हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. सपाट तानेत तर एका तारेवर धावण्यापेक्षा तार बदलून, बार उचलून घेतलेले सूर जास्त स्वच्छ येतात. मींड कुठे घ्यायची ते गाऊन ठरवा, गळ्याने ज्या जागी ओढ घेतली त्याच जागी बारने घ्या, आणि आघात एकच, मींड संपेपर्यंत दुसरा नाही. मध्येच आवाज मरत असेल तर आघात मुळातच हलका झालाय किंवा बार तारेवरून किंचित उचलला जातोय.

थरथर, म्हणजे सुरावर बार भराभर पुढेमागे हलवणं, हा त्याचाच भाऊ. हजारा सिंग, सुनील गांगुली, व्हॅन शिपले यांच्या वाजवण्यात फिल्मी धुनांवर ती थरथर शोभते, आपल्यातल्या बहुतेकांनी हे वाद्य पहिल्यांदा तशाच धुनांमधून ऐकलं आणि प्रेमात पडलो, त्यामुळे हात आपोआप हलतो. पण रागात षड्ज हलता कामा नये. आंदोलन ज्या सुराला आहे त्यालाच, जसा दरबारीचा गंधार किंवा भैरवचा रिषभ, आणि तेही संथ. रोज रियाजाला बसलात की पहिली काही मिनिटं नुसता सा, न हलवता, आस पूर्ण विरेपर्यंत. अवघड आहे हो, करून बघा. हात जिथे थांबलाय तिथेच सूर आहे का हे त्याशिवाय कळतच नाही, कारण थरथरीत कणसूर लपतो. रिव्हर्बमध्येही (आवाज घुमवणाऱ्या इफेक्टमध्ये) लपतो, रियाजाला तो बंद ठेवा.

खरखर आणि मागून येणारे भुताटकी आवाज, याचं कारण बहुतेक वेळा डावा हात. बारच्या मागचा तारेचा तुकडाही वाजत असतो, म्हणून करंगळी आणि अनामिका बारच्या मागे तारांवर नुसत्या टेकवून ठेवायच्या, दाबायच्या नाहीत. उजव्या हाताने ज्या तारा वाजवायच्या नाहीत त्या तळव्याच्या कडेने झाकायच्या. बार उचलायच्या क्षणी आधी उजव्या हाताने तार बंद, मग बार वर, नाहीतर टणकन आवाज येतो. नख्या (तार छेडायला उजव्या हाताच्या बोटांत घालतात त्या) बोटाला घट्ट हव्यात, सैल नखी स्वतःच वाजते.

आणि सूं सूं असा घासल्याचा आवाज येत असेल तर तो पीळ दिलेल्या तारांचा. थोडा राहणारच. पण अचानक वाढला असेल तर तार गंजलीये, मुंबई-कोकणात पावसाळ्यात हे फार लवकर होतं. वाजवून झालं की तारा आणि बार दोन्ही सुती फडक्याने कोरडे करा, बारला बारीक खड्डे पडले असतील तर बदला, कारण खडबडीत बार नव्या तारासुद्धा आठवड्याभरात खराब करतो.