शाळा बुडते, मग बोलणं बुडतं: हजेरी आणि वागण्यातल्या या चुका टाळा

माध्यमिकच्या वर्गांना शिकवताना एक गोष्ट मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. मूल दोन दिवस शाळेत आलं नाही, एवढ्यावरून फारसं काही अडत नाही. ते का आलं नाही हे कुणाला कळत नाही, परतल्यावर ते कुणाला काही विचारत नाही, आणि तिथून गाडी घसरायला लागते. वागण्याचंही असंच आहे. रागाच्या भरात निघालेला एखादा शब्द दुसऱ्या दिवशी निस्तरता येतो, पण त्यानंतर धरलेला अबोला सहामाही उलटली तरी सुटत नाही. म्हणून खाली ज्या चुका लिहिल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक चुका शेवटी न सांगण्याच्या आणि न विचारण्याच्याच आहेत.

"एकच दिवस तर बुडतोय"

हिशेब करून पाहा. शाळेचे २०० दिवस धरले आणि दर दहा दिवसांत एक खाडा झाला, तर वर्षाला २० दिवस जातात. आठवड्याला पाच दिवस शाळा असेल, तर हा पूर्ण चार आठवड्यांचा अभ्यास झाला. इंग्लंडमध्ये शाळेची १० टक्के किंवा त्याहून जास्त सत्रं (म्हणजे अर्धे दिवस) बुडवणाऱ्या मुलाकडे वेगळं लक्ष द्यायला हवं असं मानतात, अमेरिकेतही साधारण हीच रेघ वापरतात. पंधरवड्यातला एक दिवस कुणाला खुपत नाही, म्हणून ही रेघ कधी ओलांडली ते घरात कळतही नाही.

उशिराचंही तेच. रोज १० मिनिटं उशीर म्हणजे २०० दिवसांत २,००० मिनिटं, तेहतीस तासांहून जास्त. सहा तासांची शाळा धरली तर साडेपाच दिवस गेले, आणि तेही बहुधा पहिल्या तासाच्या एकाच विषयातले.

खाड्यांची संख्या जितकी महत्त्वाची, तितकाच ते कोणत्या वारी पडतात हेही महत्त्वाचं. एखाद्या विषयाचे आठवड्याला दोनच तास असतील आणि त्यांतला एक सोमवारी असेल, तर सोमवारी दांडी मारणाऱ्याचा तो विषय अर्धा बुडाला. टक्केवारीत हे दिसत नाही. हजेरीपटावर एकेक वार आडवा पाहिला की लगेच दिसतं.

वही उतरवली म्हणजे भरून निघालं असं समजणं

ही माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे. मुलं परत येतात, मैत्रिणीच्या वहीचे फोटो काढतात, रात्री बसून सुंदर अक्षरात सगळं उतरवतात. वही पूर्ण होते, डोक्यात काहीच जात नाही. फळ्यावर लिहिलेलं वहीत येतं, पण "इथे मधलं पद का फोडलं?" या प्रश्नाला वर्गात मिळालेलं उत्तर वहीत येत नाही.

गणित आणि विज्ञानात याचा फटका लगेच न बसता दोन महिन्यांनी बसतो. बैजिक राशींचे अवयव पाडायच्या आठवड्यात जो नव्हता, तो वर्गसमीकरणांशी येऊन अडतो आणि म्हणतो, "मला वर्गसमीकरणं येतच नाहीत." संयुजा ज्या दिवशी शिकवली त्या दिवशी जी नव्हती, तिला रासायनिक समीकरणं म्हणजे नुसती पाठांतराची यादी वाटते. मूल स्वतःला ढ समजायला लागतं. खरं तर त्याची एक पायरी राहिलेली असते, आणि ती दोन तासांत भरून निघण्यासारखी असते.

परतल्यावर काय करायचं, ते क्रमाने सांगते, कारण क्रम चुकला की सगळं चुकतं. वर्गात चालू असलेला आजचा तास आधी, मागचं राहिलेलं नंतर. अनेक जण मागचं भरून काढण्याच्या नादात आजच्या तासाला खाली मान घालून जुनं उतरवत बसतात, आणि आजचा दिवसही गैरहजेरीत जमा होतो. मागचं करताना एखादं उदाहरण स्वतः सोडवून पाहायचं, जिथे अडेल तिथे खूण करायची, आणि ती खूण घेऊन शिक्षकांकडे जायचं.

"सर, तुम्ही काय काय शिकवलं?" या प्रश्नाला कुठलेही सर मधल्या सुट्टीत उत्तर देऊ शकत नाहीत. त्याऐवजी असं विचारा: "सर, मी मंगळवार-बुधवार नव्हतो. पहिली दोन उदाहरणं मी सोडवली. तिसऱ्यात मधलं पद कसं फोडलं ते कळलं नाही." तीन मिनिटांत काम होतं. आणि एवढी तयारी करून आलेल्या मुलाला हाकलून देणारा शिक्षक मी तरी फारसा पाहिलेला नाही.

आजारपण लांबलं असेल, हाड मोडलं असेल, महिनाभर घरी राहावं लागलं असेल, तर सगळं पहिल्यापासून करायला जाऊ नका. प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना एकच विचारा: "पुढचा धडा समजायला मला मागचं काय यायलाच हवं?" उत्तर बहुतेक वेळा एका छोट्या चिठ्ठीवर मावेल एवढंच असतं.

उशिराचं मूळ सकाळी शोधणं

गजर वाढवून उशीर कमी होत नाही. किशोरवयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवायला लागतं. त्यामुळे दहाला पडूनही डोळा लागत नाही, यात प्रत्येक वेळी मुलाचा आळस नसतो. पण गरज मात्र कमी झालेली नसते. अमेरिकेतल्या झोपेच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये १३ ते १८ या वयासाठी ८ ते १० तासांची झोप सुचवली. हातात मोबाइल घेऊन बारा वाजवले आणि सहाला उठायचं असेल, तर दोन तास रोज उधार राहतात. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपून ही उधारी फेडायला गेलं, की घड्याळ आणखी पुढे जातं आणि सोमवार सगळ्यांत वाईट जातो. सुट्टीच्या दिवशीची उठायची वेळ रोजच्यापेक्षा तासभरच पुढे जाऊ द्या आणि मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. हे दोन बदल मी घरोघर सुचवत असते.

उशीर झालाच, तर ओरडा बसेल म्हणून पहिला तास स्वच्छतागृहात किंवा जिन्यात काढू नका. दहा मिनिटांच्या उशिराचा पूर्ण तास होतो. शिवाय तुम्ही इमारतीत आहात आणि हजेरीपटावर नाही, हे धोक्याचं आहे. आग लागली, मुलांना बाहेर काढून मोजायची वेळ आली, तर तुमचं नाव कुणी पुकारणारच नाही. दारात थांबा, शिकवणाऱ्यांचं वाक्य संपू द्या, खूण मिळाली की जवळच्या रिकाम्या जागेवर बसा. कारण तास संपल्यावर सांगा. दारात उभं राहून दिलेलं लांबलचक स्पष्टीकरण चाळीस जणांचा वेळ खातं.

भीती म्हणजे आदर, आणि गप्प बसणं म्हणजे शिस्त

आदर म्हणजे मान खाली घालून "हो सर, हो मॅडम" म्हणणं, असा समज मुलांचाही असतो आणि पुष्कळ शिक्षकांचाही. त्यातून दोन टोकं तयार होतात. काही मुलं कधीच काही विचारत नाहीत, आणि काही एक दिवस एकदम फुटतात. मधली वाट शिकवावी लागते, ती आपोआप येत नाही.

गुणांवरचा वाद घ्या. पेपर हातात पडल्या पडल्या भर वर्गात "मॅडम, तुम्ही मला कमी दिलेत" म्हटलं, की मॅडमपुढे बचाव करण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही. तोच पेपर दुसऱ्या दिवशी घेऊन जा आणि गुणांऐवजी उत्तराबद्दल बोला: "प्रश्न चौथ्यात मी दोन मुद्दे लिहिलेत, दुसरा मुद्दा कुठे चुकला?" गुण वाढतील की नाही ते सांगता येत नाही, पण पुढच्या वेळी काय लिहायचं ते कळेल.

न केलेल्या गोष्टीसाठी ओरडा बसला, तर त्या क्षणी "मी नव्हतो" एवढं एकदाच सांगा आणि तास संपल्यावर भेटा. सगळ्यांसमोर तीन-तीनदा तेच म्हणत राहिलं की मूळ गोष्ट बाजूला पडते आणि आवाज चढवल्याचंच लक्षात राहतं.

चूक खरंच झाली असेल, तर नुसतं "सॉरी" टाकून पळू नका. कशाबद्दल ते नाव घेऊन सांगा. "काल तासाला मी तुमची नक्कल केली, त्याबद्दल माफ करा." पुढे "पण सगळेच करत होते" जोडलं की आधीचं सगळं पुसलं जातं.

मुलांचा आदर मला सगळ्यांत स्पष्ट दिसतो तो बदली शिक्षकांच्या तासाला, आणि साफसफाई करणाऱ्या मावशींशी, शिपाईकाकांशी बोलताना. ज्यांच्या हातात गुण नाहीत त्यांच्याशी कसं वागता, ते पाहा. वर्गाच्या ग्रुपवर एखाद्या शिक्षकाच्या किंवा वर्गमित्राच्या फोटोचं स्टिकर फिरत असेल, तर त्यावर हसण्याची खूण टाकणंही भाग घेणंच आहे. ज्याचा फोटो आहे तो त्या खुणा मोजतो, हे मी रडणाऱ्या मुलांकडून ऐकलं आहे.

उलट बाजूही तितकीच स्पष्ट सांगते. शिक्षकांचा मान राखायचा म्हणून अपमान किंवा मार गिळणं ही मोठी चूक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं २८ वं कलम सांगतं की शाळेतली शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेला धरून असायला हवी. तुमच्या जातीवरून, रंगावरून, घरावरून, शरीरावरून कुणी बोलत असेल, हात उचलत असेल, तर घरी आणि विश्वासातल्या दुसऱ्या शिक्षकांना सांगा. त्यात उद्धटपणा काहीही नाही.

पालकांनो, खोटी चिठ्ठी देऊ नका

लग्नाला नेलं आणि चिठ्ठीत "ताप होता" लिहिलं, की मुलाने दोन गोष्टी शिकल्या: शाळेशी खोटं बोललेलं चालतं, आणि घरचे त्यात साथ देतात. पुढच्या खेपेला ते तुमच्याशीही तसंच बोलेल. "घरच्या कार्यासाठी नेत आहोत" हे सरळ लिहा.

पोटदुखीकडे मात्र जरा थांबून पाहा. आदल्या संध्याकाळी सुरू होणारी, सकाळी वाढणारी, दुपारपर्यंत जाणारी आणि सुट्टीत कधीच न होणारी पोटदुखी हे ढोंग असतं असं नाही. काळजीने पोट खरोखर दुखतं. डॉक्टरांना दाखवा, आणि त्याच वेळी शांतपणे विचारा: कोणता तास, कोणती जागा, कोण माणूस? "शाळा का आवडत नाही?" याचं उत्तर मुलाला देता येत नाही, या तीन प्रश्नांचं देता येतं. फळा नीट दिसत नसतो. मोठ्याने वाचायला लावलं की अक्षरं अडखळतात. बसमध्ये कुणी त्रास देतं. मुलींच्या बाबतीत दर महिन्याला तेच दोन दिवस बुडत असतील, तर शाळेतल्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, दाराला कडी आहे का, हे आईने किंवा बाबांनी, पण कुणीतरी विचारावं.

बुट्टी मारणारं मूल आणि शाळेत जाऊच न शकणारं मूल, यांच्यातही गल्लत होते. पहिलं घरातून निघतं आणि शाळेत पोहोचत नाही, घरच्यांना पत्ता नसतो. दुसरं घरीच असतं, सगळ्यांना माहीत असतं, आणि ओढून नेलं तर थरथरतं. दुसऱ्याला शिक्षा करून काही साधत नाही. त्याला घरी ठेवून आराम दिला तर प्रत्येक दिवसागणिक परतणं अवघड होत जातं. शाळेशी बोलून रोज दोन तासांपासून सुरुवात करा, फाटकाशी भेटायला एक ओळखीचं माणूस ठरवा, मग तास वाढवा. तरीही महिनाभरात हललं नाही तर समुपदेशकाकडे जायला उशीर करू नका.

घरातलं काम, धाकट्या भावंडाला सांभाळणं, आजाऱ्याची सोबत यांसाठी मूल घरी राहत असेल, तर तेही वर्गशिक्षकांना सांगा. कारण माहीत नसेल तर शाळेला फक्त खाडे दिसतात.

हजेरी आधीच घसरली असेल तर

अंदाजावर राहू नका, वर्गशिक्षकांकडून नेमका आकडा घ्या. समजा १२० दिवस झाले आणि तुम्ही ८४ दिवस हजर होतात, म्हणजे ७० टक्के. उरलेले ८० दिवस एकही खाडा न करता आलात, तर २०० पैकी १६४, म्हणजे ८२ टक्के होतील. तुमच्या शाळेची अट ७५ टक्क्यांची असेल, तर १५० दिवस हवेत, म्हणजे उरलेल्या ८० पैकी ६६ दिवस यावंच लागेल. हाती १४ दिवस आहेत, आणि त्यांत एखादं आजारपणही धरायचं आहे. अट आणि सवलतीचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, ते लेखी विचारून घ्या. डॉक्टरांचा दाखला बरं होऊन आल्याबरोबर द्या, परीक्षेच्या तोंडावर गोळा केलेल्या दाखल्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही. खोटा दाखला तर आणूच नका, पकडला गेला की खऱ्या आजारपणाचे दाखलेही संशयात येतात.

आणि बरेच दिवस गेलाच नसाल, आता कोणत्या तोंडाने जायचं असं वाटत असेल, तर पहिली घंटा व्हायच्या पंधरा मिनिटं आधी पोहोचा. तेव्हा शिक्षकखोलीत गर्दी नसते. वर्गशिक्षकांना एवढंच म्हणा, "मी बरेच दिवस आलो नाही. कारण सांगायचं आहे, पण सगळ्यांसमोर नको." पुढचं विचारायचं काम त्यांचं.